चौथ्या पायरीवरची लाल पट्टी

मंगळवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास, कशेळ्याच्या पुढे डोंगराखालच्या एका वाडीत, भागी भातगिरणीच्या दोन रबर रोलांमध्ये अडकलेलं तूस बोटांनी काढत होती. वीज गेलेली होती. तिने हात बाहेर काढला आणि वीज आली. रोल फिरले. हाताला काही झालं नाही.

हात नेमका त्याच वेळी बाहेर का आला, हे कळायला हर्षलाला दुसरा दिवस उजाडावा लागला. मंगळवारी तिला एवढंच समजलं की तो बाहेर होता.

हर्षला राहायला कर्जतच्या भिसेगावात आणि नोकरीला खोपोलीत, भातगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात. यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका जाते ती लिहिणं हे तिचं काम. यंत्र जोडायचं कसं, चालवायचं कसं, बिघडलं तर आधी काय पाहायचं. मोठ्या मिलच्या यंत्रापासून बचत गटाच्या छोट्या गिरणीपर्यंत प्रत्येकाची पुस्तिका निराळी, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिच्या तीन तऱ्हा. कारखान्यात एक नट बदलला की हर्षलाने ढीगभर फायली उघडून प्रत्येकीत तोच नट बदलायचा. एखादी फाइल हमखास सुटायची. कुठली सुटली, ते गिऱ्हाईकाचा फोन आला की कळायचं.

म्हणून कारखान्याने ठरवलं होतं की सगळ्या पुस्तिका मिळून एकच मोठं मॅन्युअल करायचं, तेही ऑनलाइन, आणि ते बनवण्यासाठी एक धड सॉफ्टवेअर घ्यायचं. कुठलं घ्यायचं ते हर्षलाने सुचवायचं होतं. मुदत शुक्रवारची.

चाळून चाळून दोन उरली होती. नावं इंग्रजी आणि जिभेला जड, त्यामुळे ऑफिसात त्यांना त्यांच्या लोगोच्या रंगावरूनच ओळखत. एक निळं, एक पिवळं.

निळं पुण्याच्या कंपनीचं. ते विकणारा देवेश दोनदा खोपोलीला येऊन दाखवून गेला होता, आणि ते होतंच दाखवण्यासारखं. मोबाइलवर पान उघडलं की सगळ्या पायऱ्या घडी घालून ठेवल्यासारख्या एकाखाली एक. बोट लावलं की एक पायरी उलगडायची आणि आधीची आपोआप मिटायची. कारखान्याच्या संचालिका संजना मॅडम परदेशी गिऱ्हाईक मिळवायच्या खटपटीत होत्या. त्यांनी ते पाहताक्षणी म्हटलं होतं, "असं पाहिजे. आपलं यंत्र जितकं चांगलं आहे तितकं ते कागदावरही दिसलं पाहिजे."

पिवळं बाहेरच्या देशातल्या चारदोन लोकांनी मिळून बनवलेलं. त्याचा विकणारा माणूस नव्हता, फोन नंबर नव्हता, शंका आली तर मेल लिहून उत्तराची वाट पाहायची. त्याचं पान म्हणजे वरपासून खालपर्यंत सरळ, लांबलचक मजकूर. ते इंटरनेटशिवाय चालायचं, ही त्याची जमेची बाजू. एकदा लिहिलेलं वाक्य हव्या तितक्या पानांवर आपोआप नेऊन बसवायची सोय दोन्हींत होती. मराठी शोध दोन्हींत बरा होता. हर्षलाने तक्ता केला, गुण दिले, बेरीज केली. निळं पुढे होतं. "निळं घ्यावं" अशी मेल तिने मंगळवारी दुपारी लिहून ठेवली होती. फक्त पाठवायची राहिली होती.

चार वाजता दत्ताभाऊ तिच्या टेबलापाशी आले. दत्ताभाऊ कारखान्याच्या दुरुस्ती विभागाचे प्रमुख, खालापूरच्या बाजूच्या गावचे. गावोगावच्या गिरण्यांवर जाणारे मेकॅनिक त्यांच्या हाताखाली. त्यांचा आवाज एरवी यंत्रांच्या वरताण असायचा. आज ते हळू बोलले.

"हर्षला, हे तुझं हाय का गं?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एका पानाचा स्क्रीनशॉट होता. वर निळी पट्टी, कोपऱ्यात लोगो. खाली ठळक अक्षरांत: पायरी ४. त्याखाली: झाकण काढा. दोन्ही रोलांमध्ये अडकलेलं तूस आणि दाणे काढून टाका.

"माझंच आहे," हर्षला म्हणाली. "चाचणीचं पान आहे. तुम्हालाच लिंक पाठवली होती ना पाहायला."

"मी पोरांना पाठवली. पोरांतल्या कुणी त्याचा फोटो मारून गिरणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आज कशेळ्याच्या वरच्या वाडीतली भागी ह्यो फोटो बघून रोलात हात घालून बसली व्हती." मग त्यांनी वीज आल्याचं सांगितलं. हात बाहेर होता हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हर्षलाच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते अगदी ऑफिसातलं होतं. "पण सुरक्षिततेचं आहे की वर. पहिल्याच ओळीत. बोट लावलं की उघडतं."

"फोटोला बोट लावून काय उघडणार?" दत्ताभाऊंनी विचारलं.

तिने पुन्हा पाहिलं. चौथ्या पायरीच्या वर एक बारीक राखाडी ओळ होती. 'सुरक्षितता', आणि पुढे छोटासा बाण. तिने स्वतः लिहिलेली सूचना त्या घडीत मिटलेली होती. पायरी उलगडली की घडी मिटते, हेच तर निळ्याचं कौतुक होतं. स्क्रीनशॉटच्या डोक्यावर व्हॉट्सॲपची ओळ होती: अनेक वेळा फॉरवर्ड केले.

"मॅडमना सांगितलंत?" तिने विचारलं.

"आधी तुज्याकडं आलो," दत्ताभाऊ म्हणाले. "तू लिवलंय, तर तुला आधी कळाया नको?"

हे सगळं सरळ वरच्या मजल्यावर नेता आलं असतं. त्यांनी ते नेलं नाही, हे हर्षलाने मनात टिपलं. तिने मेल न पाठवता तशीच ठेवली आणि विचारलं, "उद्या वाडीवर जाऊ या का?"

बुधवारी सकाळी दत्ताभाऊंनी कारखान्याची जीप भिसेगावात तिच्या दाराशी आणली. कर्जत मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं लागली. झोडणी उरकून पेंढा रचून ठेवलेला. गिरण्यांचे हेच धावपळीचे दिवस. घराघरातलं भात भरडायला निघतं आणि वाडीवरची छोटी गिरणी वीज असेल तेवढा वेळ चालू ठेवावी लागते.

भागीच्या बचत गटाची गिरणी पत्र्याच्या शेडमध्ये होती. बाहेर पोत्यांची रांग, आत धूळ आणि तांदळाचा गोडसर वास. भागी चाळीस-पंचेचाळिशीची, उंच, कपाळावर कोंड्याचा पांढरा थर. जीप पाहून ती दारात आली.

"आली का पुस्तकवाली बाय?"

"भागी, आधी हात दाखव," दत्ताभाऊ म्हणाले.

"का रं? भविष्य सांगतोस?" तिने दोन्ही पंजे पुढे केले, उलटे-सुलटे करून दाखवले. "घे. मोज. धाच्या धा हायती."

हर्षलाने जीपमध्ये बसून काय बोलायचं ते ठरवलं होतं. "भागीताई, ते पान मी लिहिलेलं होतं. त्यात चूक..."

"चूक तर हायच गं," भागी लगेच म्हणाली. "किती बारीक अक्षरं ती! मुंगीची पिल्लं. डोळे फुटायची पाळी आली माजी."

"अक्षरं?"

"मग? ह्या हातात मोबाइल, त्यो हात रोलात. वाचाया गेले तर काय दिसंल तर शपथ. मोठं करायचं तर दोन बोटं लागतात. म्हणून हात काढला, अशी बोटं फाकवली, अन् तेवढ्यात लाईट आली." तिने हवेत अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली. ती बोटं तिने पदराला पुसली. मग म्हणाली, "धडधडलं ते. मी बसलेच खाली. पोशाला म्हटलं, पाणी दे." पोशा तिचा नवरा.

हर्षलाला देवेश आठवला. अक्षरं मोठी ठेवा म्हणून तिने देवेशशी चांगला अर्धा तास वाद घातला होता. मोठी केली तर पायऱ्यांची मांडणी बिघडते, असं त्याचं म्हणणं. वाद ती हरली होती आणि त्याचा तिला रागही आला होता. आता ती भागीच्या हाताकडे पाहत होती, आणि आपण हरलो याबद्दल कुणाकुणाचे आभार मानावेत ते तिला कळत नव्हतं.

"पण मेन स्विच खाली का नाही केला?" शेवटी तिने विचारलं.

भागीने दत्ताभाऊंकडे पाहिलं. हिला कसं समजवायचं, अशा नजरेने. "अगं, लाईट गेली व्हती ना. गिरणी बंदच व्हती. बंद काय दोनदा करायची?"

"लाईट गेली की मगच साफ करता?"

"मग कधी? लाईट हाय तवर भरडायचं, लाईट गेली की झाडायचं. लाईट असताना गिरणी बंद ठेवून झाडत बसले तर भाईर बाया माज्या झिंज्या उपटतील."

दत्ताभाऊ म्हणाले, "आमच्या गावातबी असंच हाय. सगळीकडंच असंल."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तू कधी इचारलंस?" ते म्हणाले, मग जरा ओशाळून, "अन् मलाबी त्यात सांगण्यासारखं काय वाटलं नाय. जन्मापासनं तेच बघतोय."

हर्षलाने मोबाइल काढून आपलीच सूचना उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. रेंज नव्हती. मजकूर तिला पाठच होता. 'काम सुरू करण्यापूर्वी यंत्र बंद करा.' म्हणजे घडी उघडी असती आणि भागीने ती ओळ वाचली असती, तरी तिने मान डोलावून हात आत घातला असता. यंत्र बंदच होतं.

"रेंज हितं नाय," भागी म्हणाली. "शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी जा, तिथं मिळंल. तुमच्या पोरांनी दिलेली ती लिंक का काय ती हितं उघडतच नाय. मग पोशा टाकीपाशी जातो, तिथं उघडतो, फोटो मारतो अन् घेऊन येतो. एका फेरीत लागतील तेवढे मारून आणतो. दुसऱ्या वाडीचे मागतात, त्यांनाबी देतो."

तेव्हा हर्षलाच्या डोक्यात सगळं जुळलं. तिच्या तक्त्यात पुष्कळ रकाने होते. शोध कसा चालतो, छापून कसं दिसतं, किती भाषा, किती लोक एका वेळी लिहू शकतात. पण इथे मॅन्युअल कुणी उघडत नव्हतं. टाकीपाशी त्याचे तुकडे पडत होते आणि एकेक तुकडा वाडी-वाडीने फिरत होता. ज्या तुकड्यात सूचना नाही, तो तुकडा धोक्याचा. ऑफिसातल्या टेबलावर बसून हा रकाना कुणालाच सुचला नसता.

तिने पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला आणि पिवळं उघडलं. ते इथेही चाललं. चौथी पायरी तिने नव्याने लिहिली आणि वर लाल पट्टीत सूचना घातली: वीज गेलेली असली तरी आधी मेन स्विच खाली करा. मगच हात घाला. ही सूचना एकदाच लिहायची आणि जिथे जिथे यंत्रात हात जातो त्या प्रत्येक पायरीवर सॉफ्टवेअरने ती नेऊन बसवायची. पान तिने केबल लावून भागीच्या मोबाइलमध्ये टाकलं.

भागीने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "हे काय गं, लाईटबिल आल्यावानी दिसतंय."

"वाचता येतंय का?"

"वाचता येतंय. पण सोभा नाय काय."

दत्ताभाऊ हसले. "मॅडमबी हेच म्हणणार."

"आता याचा फोटो मार," हर्षला म्हणाली. "पोशाभाऊ मारतात तसा."

भागीने पान बोटाने वर सरकवलं, पायरी नीट मध्ये आणली आणि फोटो मारला. तिघांनी पाहिला. पायरी अख्खी आली होती. लाल पट्टी पडद्याच्या वर निसटून गेली होती.

"गेली तुजी पट्टी," भागी म्हणाली.

हर्षलाने लॅपटॉप पुन्हा उघडला. पट्टी कुठे बसवली तर सुटणार नाही, ते ती पाहू लागली. बाहेर बायकांची कुरकुर सुरू झाली. एकीने ओरडून विचारलं, गिरणी चालू हाय का पुस्तक वाचताय? भागीने आतूनच उत्तर दिलं, "थांब गं, हात वाचवतीय ती माजा."

मग हर्षलाने पायरी फोडली. आधी 'झाकण काढा'. त्याच्या खाली लाल पट्टी. पट्टीच्या खाली लगेच 'आता तूस काढा'. पट्टी आता पायरीच्या डोक्यावर नव्हती, पोटात होती. वाक्यं तिने आखडली, चित्र लहान केलं आणि पान परत मोबाइलवर घातलं.

भागीला आता खेळच सापडला. तिने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, निम्मं कापलं, मोबाइल आडवा धरला. पट्टी गाळायची तर पायरीच अर्धी राहत होती. "चिकटली गं," ती म्हणाली, "गोचिडीवानी चिकटली. आता नाय सुटत." तिने आपल्याला आवडलेला एक फोटो ठेवून दिला. पानाच्या वर 'चाचणी प्रत' असं लिहिलेलं होतं, त्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही.

निघताना हर्षला म्हणाली, "ताई, तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले? लाईट आली की गिरणी लावायचीय. व्हा भाईर."

त्या संध्याकाळी हर्षलाने देवेशला मंगळवारचा स्क्रीनशॉट पाठवला, काय झालं ते चार ओळींत लिहिलं, आणि विचारलं की निळ्यात घडी काढून सूचना पायरीच्या पोटात कायमची बसवता येईल का. एवढं जमलं असतं तर सगळ्यांचंच काम सोपं होणार होतं. संजना मॅडमना निळं हवं होतं, तक्त्यात तेच पुढे होतं आणि विचारायला एक जिवंत माणूस मिळत होता.

गुरुवारी दुपारी देवेशचा फोन आला.

"हर्षला मॅडम, खरं सांगू का? नाही होणार."

"प्रयत्नही नाही?"

"प्रयत्न म्हणजे, मी मागे लागलो तर तुमच्यापुरती घडी बंद करून देतील. पण आमचं सगळं डिझाइन त्या घडीवर उभं आहे. पुढचं अपडेट आलं की ती परत येणार, आणि तुम्हाला कळणारही नाही. मी आज हो म्हटलं तर तुम्ही सोमवारी ऑर्डर द्याल आणि मार्चमध्ये मला शिव्या घालाल."

"शिव्या नाही घालणार. फार तर चहा विचारणार नाही."

तो हसला. मग म्हणाला, "पिवळं घेणार असाल तर एक करा. त्यांचा मजकूर साध्या फायलींत असतो. त्याची प्रत रोज तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवा. उद्या ते लोक दुकान बंद करून गेले तरी तुमचं लिखाण तुमच्याकडे राहील. आमच्याकडून मजकूर बाहेर काढायला फार त्रास होतो. तुम्ही विचारलं नव्हतं, मीही बोललो नव्हतो."

"मग आता का बोलताय?"

तो म्हणाला, "तुम्ही तो फोटो पाठवलात ना. त्यावर आमचा लोगो आहे."

फोन ठेवल्यावर हर्षलाने आपल्या तक्त्यात दोन रकाने वाढवले. एक भागीने दिलेला, एक देवेशने. दोघांनाही त्यातून काही मिळणार नव्हतं. देवेशचं तर नुकसानच होतं. तिने पुन्हा बेरीज केली नाही. निळ्याची मेल काढून टाकली आणि दुसरी लिहायला घेतली.

शुक्रवारी अकराला संजना मॅडमच्या खोलीत बैठक झाली. हर्षला, दत्ताभाऊ आणि मॅडम. हर्षलाने घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं, काही न वाढवता. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. मॅडमनी चष्मा लावून आधी निळा पाहिला. पिवळ्याकडे त्या वळल्याच नाहीत.

"हा अजून फिरतोय?"

"हो," हर्षला म्हणाली.

"परत मागवता येत नाही?"

"नाही. किती मोबाइलमध्ये गेला तेही कळत नाही."

"दत्ताभाऊ, आपल्या छोट्या गिरण्या जिथे जिथे गेल्यात तिथे आजच्या आज फोन. तुमची सगळी माणसं त्याच कामाला लावा. बाकी दुरुस्त्या उद्या."

"व्हय मॅडम."

हर्षलाला वाटलं होतं, पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येईल. तो आला नाही, याने तिला पुढचं ऐकायला बळ मिळालं. कारण पुढचं सोपं नव्हतं.

"आता पिवळं," मॅडम म्हणाल्या. "विकायला माणूस नाही, म्हणजे अडलं तर विचारायलाही माणूस नाही. बरोबर?"

"बरोबर."

"कारखान्यात ते कुणाला येतं?"

"आज फक्त मला."

"तू रजेवर गेलीस, आजारी पडलीस, दुसरी नोकरी धरलीस, तर?"

"मी आणखी दोघांना शिकवीन. पण आज विचाराल तर अडेल, मॅडम. ते मी मेलमध्ये लिहिलंय."

"आणि परदेशी गिऱ्हाइकाला हे दाखवायचं?" त्यांनी आता पिवळा फोटो उचलला. "साधं दिसतं म्हणू नकोस. वाईट दिसतं."

"हो. वाईट दिसतं."

"मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले, "तुटलेला हातबी वाईटच दिसतो."

मॅडमनी फोटो खाली ठेवला. मॅडमनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं नाही, एवढं मात्र हर्षलाच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. "ते पान माझ्या फोनवर घाल. फोटो कसा मारतात ते मलाही बघू दे." त्यांनी चारपाच वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने फोटो मारले आणि प्रत्येक नीट पाहिला. एकात पट्टीची वरची कड कापली गेली होती. ती त्यांनी बोटाने दाखवली, आणि हर्षलाने टिपून घेतलं.

"पुण्याच्या लोकांना मी शब्द दिलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "नुसतं तोंडी आहे असं समजू नकोस, त्यांनी आपल्यासाठी काम सुरूही केलंय. मला विचार करू दे. सोमवारी सांगते."

दुपारभर दुरुस्ती विभागात फोन चालले. कर्जतच्या बाजूचे बहुतेक लागले. खालापूरच्या बाजूचे सगळे लागले. डोंगराकडचे काही लागले नाहीत. त्यांच्या नावापुढे दत्ताभाऊंनी टिंब दिलं आणि संध्याकाळी पुन्हा लावले. हर्षलाही एका टेबलावर बसून फोन करत होती. प्रत्येकाला तेच सांगायचं. वीज गेली असली तरी आधी मेन खाली. पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर यायचं: "लाईट नसताना?" मग तिला भागीची गोष्ट सांगावी लागायची. गोष्ट सांगितली की पलीकडचा माणूस म्हणायचा, "बरं झालं सांगितलंत."

शनिवारी अर्धा दिवस. सुटायच्या वेळेला दत्ताभाऊंनी हर्षलाच्या टेबलावर कापडी पिशवी आणून ठेवली. आत तांदूळ होता, लालसर, हाताने निवडल्यासारखा अख्खा.

"भागीनं दिलाय. म्हणाली, रोल साफ झाल्यापासनं कणी पडत नाय. पुस्तकवालीला सांग, भात शिजवून बघ. अन् अक्षरं आणखी मोठी कर म्हणालीय."

हर्षलाने मूठभर तांदूळ हातात घेतला. देणं तिच्याकडून व्हायला हवं होतं, आणि पिशवी उलट्याच दिशेने आली होती. तिने ती नीट बांधली. "उद्याच शिजवते," ती म्हणाली. "रविवार आहे."

ती स्कूटरला किल्ली लावत होती तेव्हा दत्ताभाऊ मागून हाक मारत आले. त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज आला होता, पालीच्या बाजूच्या एका गिरणीवाल्याचा. शुक्रवारी ज्यांच्यापुढे टिंब राहिलं होतं त्यांपैकी एक. त्याने दोन फोटो पाठवले होते. एक निळा. दुसरा लाल पट्टीचा, वर 'चाचणी प्रत' लिहिलेला, भागीने शेडमध्ये मारलेला तोच. तो पोशाने टाकीपाशी नेला असणार, आणि तिथून तो आपल्या पायाने निघाला असणार. दोन्हींच्या डोक्यावर 'फॉरवर्ड केले' होतं.

खाली त्याने लिहिलं होतं: दोन्ही आले. खरा कोणता? झाकण काढून ठेवलंय. जाऊन साफ करतो.

"लाल पट्टीवाला म्हणा," हर्षला म्हणाली. "लगेच."

"लिवलं कधीच." दत्ताभाऊंनी दाखवलं. लाल पट्टीवाला. आधी मेन खाली. मग त्यांनी फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्यांनी पुन्हा लावला. मग त्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मेकॅनिकला लावला. तो लागला, आणि मोटारसायकल काढून निघाला.

हर्षलाने तांदळाची पिशवी स्कूटरला अडकवली, पण ती निघाली नाही. दोघं कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिले. संजना मॅडमची गाडी तिथून बाहेर पडली. काच खाली करून त्यांनी विचारलं काय झालं, ऐकून घेतलं, आणि गाडी बाजूला लावून त्याही उतरल्या.

मेकॅनिक अजून वाटेत होता. पालीच्या बाजूला त्या वेळी वीज होती की गेलेली होती, हे तिघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. दत्ताभाऊंच्या उत्तराखाली एकच खूण होती, पोचल्याची दुसरी उमटली नव्हती.